नाव आहे, पत्ता हरवलाय

नाव आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उरणच्या माणसाला मुद्दाम शिकवावं लागत नाही. न्हावा शेवा बंदरासाठी शेवा गाव आपल्या मूळ जागेवरून उठलं. शेतकऱ्यांची वस्ती 'नवीन शेवा' या नावाने वसली, कोळी बांधवांची 'हनुमान कोळीवाडा' या नावाने. १९८९ साली बंदर सुरू झालं. त्याला पंडित नेहरूंचं नाव मिळालं, तरी जगभरातल्या जहाजांच्या कागदपत्रांवर आजही 'न्हावा शेवा' असंच लिहिलेलं असतं. म्हणजे गाव हललं, पण नाव राहिलं. अशा वेळी पोस्टमनच्या वहीत नवा पत्ता वेळेवर चढला नाही तर काय होतं? माणूस घरात असतो, पत्र टपालात असतं, रस्ताही मोकळा असतो आणि तरीही त्या दोघांची गाठ पडत नाही.

आज मी ज्या बिघाडाबद्दल बोलणार आहे, तो नेमका असाच आहे. फक्त इथली वही कागदाची नाही. तिचं नाव डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस. संगणकाचं सॉफ्टवेअर रात्री अपडेट केलं आणि सकाळी एकही संकेतस्थळ उघडेना, असा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. यंत्र चालू, तार जोडलेली, मोडेमचे दिवे लागलेले, आणि पडद्यावर मात्र एकच वाक्य, 'हे ठिकाण सापडत नाही.' मी काही संगणकाचा अभियंता नव्हे, बी.ए. झालेला आणि शब्दांत रमणारा माणूस. पण हा बिघाड मुळात नावांचा आहे, आणि नावांशी माझा जन्माचा संबंध आहे. म्हणून या विषयावर बोलायचं धाडस करतो.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. चार आकडे, मध्ये टिंबं. नव्या पद्धतीचा पत्ता तर याहूनही लांबलचक. यंत्रं एकमेकांना या आकड्यांनीच ओळखतात. माणसाला मात्र आकडे लक्षात राहत नाहीत, नावं राहतात. म्हणून नावावरून आकडा शोधून देणारी सोय हवी. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर यासाठी एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, मग ते नाव यादीत चढायचं आणि सगळ्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यावर उपाय मांडला. एकच मोठी वही ठेवू नका, वही वाटून द्या. ज्याचं गाव, त्याच्याकडे त्या गावातल्या घरांची नोंद. तेच हे डीएनएस.

हे कसं चालतं, ते एका उदाहरणाने पाहू. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता आहे 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'. आपण तो डावीकडून वाचतो, पण डीएनएस तो उर्दूसारखा उजवीकडून वाचते. आपला संगणक आधी जवळच्या डीएनएस सर्व्हरला विचारतो, बहुधा आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या. त्याला उत्तर माहीत नसेल तर तो मूळ सर्व्हरांकडे जातो. या मूळ सर्व्हरांना इंग्रजी 'ए'पासून 'एम'पर्यंत तेरा नावं आहेत. ते म्हणतात, 'इन'चं आम्हाला ठाऊक नाही, पण 'इन'ची वही कुणाकडे आहे ते सांगतो. 'इन'वाला 'गव्ह'च्या घरी पाठवतो, आणि तिथून 'महाराष्ट्र'चा पत्ता लागतो. चौकशी करत करत गावातलं घर शोधावं, तशीच ही रीत. फरक एवढाच की हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

मिळालेलं उत्तर सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागत नाही. किती काळ लक्षात ठेवायचं, तेही त्या नोंदीतच लिहिलेलं असतं. कधी पाच मिनिटं, कधी पूर्ण दिवस. ही स्मरणशक्ती फार उपयोगी आहे. पण चुकीचं उत्तर एकदा लक्षात राहिलं की मुदत संपेपर्यंत तेही राहतं. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

आता अपडेटकडे येऊ. अपडेट म्हणजे सॉफ्टवेअरची डागडुजी. जुनी भोकं बुजवायची, नव्या सोयी घालायच्या. पण घराला रंग देणारे कारागीर सामान हलवतात आणि जाताना खुर्ची भलत्याच कोपऱ्यात ठेवून जातात, तसंच काहीसं इथे होतं. आपण हाताने लिहिलेला डीएनएसचा पत्ता पुसला जातो. नवी सेवा सुरू होते आणि ती जुन्या सेवेची जागा अडवते. पूर्वी चालणारी मांडणीतली एखादी ओळ नव्या आवृत्तीला मान्य नसते, आणि सर्व्हर सुरूच व्हायला नकार देतो. किंवा यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर त्याची फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारेकरी, ओळखीच्या जाळ्याला अनोळखी समजतो आणि दार लावून घेतो.

आमच्या गावातल्या एका अभ्यासिकेत असाच प्रसंग घडला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी तिथे आठ संगणक आहेत. एका कोपऱ्यात जुना संगणक सर्व्हर म्हणून काम करतो. नावांचे पत्ते शोधून देणं आणि नको ती संकेतस्थळं अडवणं, ही दोन कामं त्याच्याकडे. ही सगळी व्यवस्था एक तरुण विनामोबदला पाहतो. दिवसा बंदरातल्या एका गोदामात नोकरी करतो, संध्याकाळी इथे येतो. एका रात्री त्याने सर्व्हरची लिनक्स प्रणाली नव्या आवृत्तीवर नेली. सकाळी मुलं आली, तर आठही संगणक मुके. त्यातल्या एका मुलीला भरतीचा अर्ज भरायचा होता आणि शेवटची तारीख तीच होती. आई मासळी बाजारात बसते, घरी संगणक नाही. मोबाइलवर तो लांबलचक अर्ज भरताना मुलगी दोनदा अर्ध्यातून बाहेर फेकली गेली होती.

मी तिथे वर्तमानपत्रं वाचायला जातो. कुणीतरी दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, 'सर्व्हर गेला. सगळा फॉरमॅट मारावा लागंल.' फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं. त्या यंत्रावर चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या, मुलांनी स्कॅन करून ठेवलेले दाखले होते. गोदामातून सुट्टी टाकून तो तरुण धावत आला. मला पाहून म्हणाला, "चाचा, नेट हाय, पन नाव नाय सापडत. नेट गेला नाय, वही गेली."

हे एक वाक्य ज्याला म्हणता आलं, त्याचं अर्धं काम झालं. कारण बिघाड नेमका कुठे आहे, हे ठरवणं हीच खरी दुरुस्ती. त्याने ते कसं ठरवलं, ते क्रमाने सांगतो. घरी तुम्हालाही करता येईल.

पहिला प्रश्न, रस्ता चालू आहे का? त्यासाठी 'पिंग' नावाची आज्ञा असते. ती नावाला न देता थेट आकड्याला द्यायची. त्याने ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता दिला. उत्तर आलं. म्हणजे तार ठीक, मोडेम ठीक, रस्ता मोकळा. मग तीच आज्ञा एका संकेतस्थळाच्या नावाला दिली. उत्तर नाही. आकड्याला उत्तर मिळतं आणि नावाला मिळत नाही, तेव्हा बोट डीएनएसकडे वळवावं.

दुसरा प्रश्न, आपली वही बंद आहे की सगळ्यांचीच? यासाठी 'एनएसलुकअप' ही आज्ञा. आधी नाव विचारलं नेहमीच्या सर्व्हरला, उत्तर आलं नाही. मग तेच नाव ८.८.८.८ला विचारलं, तर पत्ता ताबडतोब मिळाला. म्हणजे जगाची वही शाबूत आहे, आपल्या कोपऱ्यातला सर्व्हर तेवढा बोलत नाही.

तिसरी पायरी मला सर्वांत आवडली. त्याने सर्व्हरला हात लावण्याआधी त्या मुलीच्या संगणकाच्या मांडणीत तात्पुरता सार्वजनिक डीएनएसचा पत्ता लिहिला आणि तिला म्हणाला, "ताई, तू बस, अर्ज भर." आधी अडलेल्या माणसाची सोय, मग यंत्राची दुरुस्ती. मुलगी अर्ज भरू लागली आणि खोलीतला सगळा ताण उतरला. घाईत केलेल्या दुरुस्तीतून नवे बिघाड होतात. घाईच काढून टाकली, की डोकं शांतपणे चालतं.

मग तो सर्व्हरपुढे बसला. सर्व्हर आपल्या रोजच्या घडामोडी एका नोंदवहीत लिहीत असतो, तिला 'लॉग' म्हणतात. दुरुस्तीवाल्याने ती उघडलीच नव्हती. तिथे साफ लिहिलं होतं की ५३ क्रमांकाचं दार आधीच कुणीतरी घेतलेलं आहे. डीएनएसची चौकशी ज्या दारातून येते, त्याचा क्रमांक ठरलेला आहे, ५३. प्रणालीच्या नव्या आवृत्तीबरोबर तिची स्वतःची नावं शोधणारी सेवा आली आणि यंत्र सुरू होताच तीच त्या दारात जाऊन उभी राहिली. अभ्यासिकेचा जुना नावाडी आला, तर दारात जागा नाही. तो मुकाट्याने परत गेला. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणाली नव्या आवृत्तीवर नेताना हे घडू शकतं. उपाय काय केला? नव्या सेवेला दारातून बाजूला व्हायला सांगितलं, सर्व्हरने स्वतःसाठी पत्ते कुणाला विचारायचे ते पुन्हा लिहिलं, जुनी सेवा सुरू केली. सगळं मिळून वीस मिनिटं. फॉरमॅट मारला असता, तर एका दारासाठी अख्खं घर पाडल्यासारखं झालं असतं.

शेवटी प्रत्येक संगणकाला जुनी, चुकीची उत्तरं विसरायला लावलं. विंडोजमध्ये त्यासाठी 'आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस' ही आज्ञा आहे. मघाशी म्हटलं होतं ना, चुकीचं उत्तरही काही काळ लक्षात राहतं. बिघाड दुरुस्त होऊनही 'अजून चालत नाही' अशी ओरड होते, ती पुष्कळदा यामुळेच.

आणखी दोन खुणा सांगतो. एका ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडतं आणि दुसऱ्यात उघडत नाही, तेव्हा घोटाळून जाऊ नका. हल्लीचे काही ब्राउझर संगणकाला न विचारता स्वतःच परस्पर डीएनएसकडे चौकशी करतात. दुसरी खूण घड्याळाची. जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपली की यंत्र पुन्हा सुरू होताना तारीख कित्येक वर्षं मागे जाते. डीएनएसच्या उत्तरांवर आता अनेक ठिकाणी डिजिटल सही असते आणि सहीला मुदत असते. सही तपासणाऱ्या सर्व्हरची तारीखच चुकीची असेल, तर तो खऱ्या सहीलाही खोटी ठरवतो. म्हणून अपडेटनंतर आधी घड्याळ पाहा.

ज्यांच्याकडे संस्थेचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. मी मघाशी सांगितलं की डीएनएस नाव उजवीकडून वाचते. खरं म्हणजे प्रत्येक नावाच्या अगदी शेवटी एक टिंब असतं. आपण ते लिहीत नाही, पण ते गृहीत असतं. त्याचा अर्थ, नाव इथे पूर्ण झालं. सर्व्हरच्या वहीत मात्र ते लिहावं लागतं. नाही लिहिलं, तर सर्व्हर समजतो की नाव अपुरं आहे, आणि तो त्याला आपलं आडनाव जोडून टाकतो. १२ ऑक्टोबर २००९ रोजी स्वीडनमध्ये हेच झालं. 'डॉट एसई' या त्या देशाच्या नावाची वही नव्याने तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये देखभालीच्या वेळी चूक शिरली आणि नावांच्या शेवटी टिंब पडलंच नाही. सुमारे नऊ लाख नावांचे पत्ते लागेनात. चूक तासाभरात सुधारली, पण जगभरच्या सर्व्हरांना चुकीची उत्तरं पाठ झाली होती, ती जायला आणखी वेळ लागला.

एका टिंबाची किंमत उर्दू शिकलेल्याला लहानपणीच कळते. 'खुदा' लिहिताना वरचा नुक्ता खाली पडला, तर त्याचं 'जुदा' होतं. म्हणून सर्व्हरची वही सांभाळणाऱ्यांना माझं सांगणं आहे की, नवी मांडणी चालू करण्याआधी ती तपासून घ्या. 'बाइंड' या जुन्या, नामांकित डीएनएस सॉफ्टवेअरसोबत मांडणी आणि वही तपासणारी साधनं मिळतात. ती कितवी ओळ चुकली हेही सांगतात. वहीत बदल केला की तिचा अनुक्रमांक वाढवा. तो वाढला नाही, तर वहीची नक्कल ठेवणारे दुय्यम सर्व्हर बदल झाला असं मानतच नाहीत आणि जुनंच सांगत राहतात.

तुम्ही म्हणाल, एवढ्या चुका लहान माणसांच्या हातून होत असतील, मोठ्यांचं काय? ४ ऑक्टोबर २०२१ची रात्र आठवा. आपल्याकडे नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं ठप्प झालं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या केंद्रांना जोडणारं आतलं जाळं तुटलं. ती आज्ञा अडवायला हवी होती, अशा तपासणीच्या साधनातही दोष होता. जाळं तुटलेलं पाहून त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी, ठरवून दिलेल्या नियमाप्रमाणे, आपल्याकडे यायचे रस्ते जाहीर करणं थांबवलं. सुमारे सहा तास जगाला ती नावं सापडेनात. अगदी अलीकडची गोष्ट, २० ऑक्टोबर २०२५, ऐन दिवाळी. ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका केंद्रात डीएनएसच्या नोंदी आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचे दोन भाग एकमेकांच्या पायात आले आणि एका महत्त्वाच्या सेवेच्या नावापुढचा पत्ता कोराच राहिला. यंत्रणेला स्वतःची चूक सुधारता आली नाही. माणसांना हाताने ती सुधारावी लागली. सुमारे अडीच तासांनी पत्ता परत आला, पण त्यामुळे अडलेली कामं मार्गी लागायला दिवस गेला.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग अपडेटच नको. याचं उत्तर आमच्या तालुक्यातच आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं कामकाज एकाएकी थांबलं. ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाच्या जगभरातल्या संगणकांत 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्राम शिरला होता. तो मुळात पसरला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ही डीएनएसच्या मांडणीतली चूक नव्हे, हा ठरवून केलेला हल्ला होता. पण परिणाम तसाच झाला. कंटेनर यार्डात उभे, जहाज धक्क्याला, ट्रक रस्त्यावर. आणि कुठला कंटेनर कुणाचा, हे सांगणारी वहीच नाहीशी.

मात्र त्याच वर्षी मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या प्रोग्रामने जगभर हाहाकार माजवला, तेव्हा त्याच्या तावडीत प्रामुख्याने सापडले ते अपडेट न केलेले संगणक. मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच दिलं होतं. एक संकट अपडेटमधून आलं आणि एक अपडेट न केल्यामुळे. दोन्हींतून एकच शहाणपण निघतं. अपडेट कराच, पण परतीची वाट राखून करा.

मर्स्कला ती वाट मिळाली, तीही योगायोगाने. कोणता संगणक आणि कोण माणूस आपल्या जाळ्यातला, याची नोंद ठेवणारे त्यांचे मुख्य सर्व्हर एकूण एक पुसले गेले होते. एक तेवढा वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केले गेले. एवढ्या मोठ्या कंपनीचं नशीब त्या दिवशी वीज जाण्यावर टांगलेलं होतं. आपण आपलं नशीब असं टांगून ठेवू नये.

म्हणून साधं सांगतो. एक वही घ्या, कागदाची. तीत आपल्या जोडणीचा डीएनएस पत्ता लिहा, तो आपोआप येतो की हाताने लिहिला आहे तेही लिहा. सर्व्हर असेल तर त्याच्या मांडणीची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह यंत्रातून काढून ठेवा. अपडेट कोणत्या तारखेला केलं, त्याची नोंद करा. ज्या दिवशी लोकांची कामं अडतील, परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख असेल, त्याच्या आदल्या रात्री अपडेट करू नका. आणि कुणी येऊन 'सगळं पुसावं लागेल' म्हणाला, तर त्याला आधी विचारा, 'आकड्याला उत्तर येतंय का, आणि नावाला येतंय का?' उत्तर देता आलं नाही, तर त्याच्या हाती यंत्र देऊ नका.

ही वही मात्र संगणकात ठेवू नका. ज्या दिवशी तिची गरज पडेल, त्या दिवशी संगणकच बंद असेल.